ज्वारीच्या कोठीतली आतषबाजी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा आषाढातलं चुकार ऊन पडलं होतं आणि मी गच्चीवर गाद्या टाकत होते. हसाल, पण माझ्या मनात पहिलं हेच आलं... आता डब्याला ऊन कोण दाखवणार?

आक्का माझी थोरली बहीण. कन्नड तालुक्यातून लग्न होऊन बजाजनगरला आली. दाजी वाळूजच्या एका कंपनीत, तीन पाळ्यांची नोकरी. दिवाळीत गल्लीतल्या घराघराला कुलपं, जो तो आपल्या गावी. पंधरा ऑगस्टला मात्र तिन्ही पाळ्यांना सुट्टी, सगळी माणसं एकदम घरी! "दिवाळी गावाची गं, पंधरा ऑगस्ट आपल्या गल्लीचा," आक्का म्हणायची, "आन् फटाक्याबिगर कसली मजा?" म्हणून ती दिवाळीतले अनार, भुईचक्रं, लवंगी माळा राखून ठेवायची. पत्र्याच्या डब्यात भरून डबा थेट ज्वारीच्या कोठीत पुरायचा, म्हणजे पावसाळी दमट हवा लागत नाही. श्रावणात जरा ऊन पडलं की तो डबा गच्चीवर. आणि काही झालं तरी एक अनार ती उडवायची नाही, पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवायची. "दह्याला विरजण ठिवतोच ना? तसं. डबा रिता करायचा नाय."

एका साली झड काही उघडेना. बाईसाहेबांनी भाकऱ्या झाल्यावर गॅस बंद केला आणि कोमट तव्यावर भुईचक्रं मांडली! तवा तिला वाटला तेवढा निवला नव्हता. एक चक्र सुरसुरत उठलं, ओटाभर नाचलं आणि वरणाच्या पातेल्यात जाऊन विझलं. रात्रपाळी करून झोपलेले दाजी उशी घेऊन अंगणात पळाले. आक्का म्हणाली, "बघा, वाळलेत की नाय!" ते वरण मात्र कोणी खाल्लं नाही.

सकाळी झेंडावंदन, जिलेबी. संध्याकाळी शेजारच्या वाघमारे वहिनींची गरम भजी आणि मग आक्काचा कार्यक्रम. पदर खोचून, काठीला उदबत्ती बांधून ती गल्लीच्या मध्यावर उभी राहायची. "सरका रं मागं!" पोरं किंचाळायची, दरवर्षी त्यासाठी येणारी मीसुद्धा. दाजी दारात, दोन्ही कानांत बोटं घालून. फटाक्याला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

यंदा दाजी म्हणाले, घरात दुःख झालंय, वर्षभर सण नाही. मला पटलं, तरी डबा डोळ्यांपुढून हलेना. तिच्या जपण्यानं डबा एक पावसाळा काढायचा, दुसरा कुठला काढायला? तिनं राखलेलं सगळं तसंच सादळून जाणार... पण पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी वाघमारे वहिनी भज्यांची परात घेऊन दारात, मागे अख्खी गल्ली.

"भाऊ, डबा काढा."

"वहिनी, सण करायचा नाय औंदा."

"सण कुठं हाय? सुट्टी हाय ही. कंपनीच्या कॅलेंडरात बघा."

दाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. मग उठले आणि कोपरापर्यंत हात ज्वारीत घालून डबा वर काढला.

काठीला उदबत्ती मी बांधली, पण दाजींनी ती माझ्या हातातून घेतली. पहिला अनार जरासा फुसफुसला आणि गप्प झाला. मी मनात म्हटलं, आक्का, अगं आता तरी... आणि तो असा उसळला, विजेच्या तारांपर्यंत! काय ओरडलो आम्ही! दाजी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते, "लई भारी! लई भारी!" आणि डोळे घळाघळा वाहत होते. मग माळा, चक्रं, काही म्हणता काही फुसकं निघालं नाही.

शेवटी डब्यात एक अनार उरला. पोरं गलका करायला लागली, "काका, लावा, लावा!" दाजींनी उदबत्ती विझवली, झाकण घट्ट बसवलं आणि आत जाऊन डबा कोठीत ठेवला. वर ओंजळीओंजळीनं ज्वारी सारत म्हणाले, "विरजण लागंल ना पुढच्या साली."