फ्रॉकबायचा पूल

फ्रॉकबायचा विश्वास फक्त भित्र्या माणसांवर होता. एखादं धीट, चटपटीत मूल दारात आलं की ती त्याला बाहेरच्या बाकावरच उभं करून माप घ्यायची आणि वाटेला लावायची. मी पहिल्यांदा गेले ती सातवीत असताना. आईनं शाळेच्या युनिफॉर्मचं माप द्यायला पाठवलं होतं आणि आतून येणारा एक चमत्कारिक आवाज ऐकून मी पायरीवरच थिजले होते. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भियालंस?"

मी मान हलवली.

"बरा झाला. मगे आत ये."

वाडीतल्या ख्रिस्ती मुलींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक तिनंच शिवलेले, म्हणून ती सगळ्यांची फ्रॉकबाय. तोंडावर आम्ही नुसतं बाय म्हणायचो. आतल्या खोलीत शिवणयंत्राशेजारी एक जाडजूड टीव्ही होता आणि त्याला जोडलेली व्हिडिओ गेमची एक राखाडी पेटी. आवाज तिथून येत होता. पडद्यावर लाल झग्यातला एक बोटभर माणूस एका गावात उभा होता. आठ-दहा घरं, एक विहीर, एक इगर्ज, म्हणजे चर्च. त्याच्याभोवती सगळीकडे हिरवं मोकळं रान.

ती पेटी तिच्या भावानं, पेद्रूनं, जपानच्या कुठल्याशा बंदरातून आणली होती. तो बोटीवर होता. खेळ सगळा जपानीत. दुकानदाराकडून त्यानं त्या पडद्यावरच्या माणसाला स्वतःचं नाव देववून घेतलं होतं, जपानीत तीन अक्षरी. सुट्टीत घरी आला तेव्हा बहिणीला शेजारी बसवून थोडा खेळला आणि परत बोटीवर गेला. त्या खेपेला वादळात तो बोटीवरून पडला. सापडला नाही. पडद्यावरचा पेद्रू मात्र त्यानं ठेवला होता तिथेच, इगर्जीत पाद्र्यासमोर उभा होता.

"ह्येका मी मरूक दिवचंय नाय," असं ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, टेप माझ्या खांद्यावर धरून, अगदी साध्या आवाजात.

मग मी शाळा सुटल्यावर रोज जाऊ लागले. त्या खेळाची मला मनापासून भीती वाटायची. रानात काहीच दिसत नसे, आणि तेच भयंकर होतं. चालता चालता पडदा एकदम काळा व्हायचा, कर्कश सूर वाजायचा आणि समोर चोचवाला खेकडा नाहीतर दात असलेलं अळंबं उभं. शाळेच्या व्हरांड्यात मला तसंच व्हायचं. रिकामा दिसतो म्हणून चालावं आणि अचानक कुणीतरी समोर येऊन इंग्रजीत काहीतरी विचारावं. पण इथे माझे हात थरथरायला लागले की बाय खूश व्हायची. वाडीतल्या एका मोठ्या मुलीनं एकदा खेळाचा रिमोट मागितला, "मला येतं हे सगळं" म्हणाली. बायनं तिला कोकमाचं सरबत दिलं, रिमोट दिला नाही. "भिया नाय तेच्या हातात जीव देवचो नाय," ती मला नंतर म्हणाली.

जपानी अक्षरांना तिनं शिवणातली नावं ठेवली होती. वार करायचा शब्द म्हणजे 'हूक'. पळून जायचा शब्द म्हणजे 'उसवलेली शिवण'. औषधाचा पाला म्हणजे 'उलटी बाही'. "उलटी बाही दी तेका, उलटी बाही!" असं ती मागून ओरडायची आणि मी घामेजल्या बोटांनी ती शोधायचे. इगर्जीत पाद्र्यापुढे गेलं की शब्दांच्या चार ओळी यायच्या. ती फक्त वरची ओळ दाबायची. पाद्री मान डोलवायचा, छोटीशी धून वाजायची आणि बाय क्रूस करायची. "पाद्र्याक सांगून ठेवला. आता लाइट गेली तरी चलात." मग पेटी बंद केली तरी दुसऱ्या दिवशी पेद्रू तिथेच सापडायचा. खालच्या तीन ओळी कशाच्या ते तिनं कधी दाबून पाहिलं नाही. पाद्र्याला नसते प्रश्न विचारू नयेत, असं तिचं म्हणणं.

गावाच्या पूर्वेला एक पूल होता. पुलाच्या तोंडाशी एक म्हातारी उभी असायची आणि तिच्याशी बोलायला गेलं की लांबच लांब वाक्यं यायची. "जाव नको म्हणता ती," बाय सांगायची. पुलावर पाऊल पडलं की गाणं बदलायचं, खालच्या पट्टीत जायचं, मागे ढोल वाजल्यासारखं. तेवढं ऐकून ती पेद्रूला मागे फिरवायची. पेद्रू जाऊन इतकी वर्षं झाली होती, पण पडद्यावरच्या पेद्रूनं तो पूल ओलांडला नव्हता. पुलाच्या अलीकडेच खेकडे मारायचे, जरा लागलं की खाणावळीत नेऊन झोपवायचं, पाद्र्याला सांगून ठेवायचं. मला हे फार आवडायचं. पूल न ओलांडणारं मोठं माणूस मी दुसरं पाहिलं नव्हतं.

मी नववीत असताना बाय मला सुईत दोरा ओवायला सांगू लागली. आधी कधीतरी, मग रोज. डॉक्टरांनी नजर जाणार असं सांगितलं आणि दोडामार्गची तिची भाची तिला कायमची आपल्याकडे न्यायला येणार हे ठरलं. एका दुपारी तिनं यंत्रावर कापड झाकलं, खुर्ची टीव्हीला अगदी चिकटवली आणि म्हणाली, "पुलापलीकडे काय आसा ता बघूचा हा माका. डोळे आसत तवसर."

"पण बाय, तो मेला तर?"

"म्हणान तर तुज्या हातात देतंय."

मला पळून जावंसं वाटलं. हे तिच्या भावाचं नाव होतं आणि माझी बोटं. पूल ओलांडला, गाणं बदललं, पडदा काळा झाला. समोर तलवार घेतलेला सांगाडा. मी डोळे मिटून हूक दाबला. डोळे उघडले तर सांगाडा वळून पळत होता.

"खंय गेलो तो?"

"पळाला."

"आमका बघून?"

दुसरा आला, तोही पळाला. इतकी वर्षं खेकडे मारून पेद्रू केवढा बळकट झाला होता, ते आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाय हसायला लागली. "गो, आमका भियतत मेले!" मीही हसले. मोठ्यानं हसले, जे मी कुणापुढे करत नाही. मग डोंगरात एक गुहा दिसली आणि पाद्र्याला न सांगता, पाला न मोजता, आम्ही सरळ आत शिरलो.

आत एक पांढरा पतंग आला. त्यानं पंखांतून भुकटी उडवली आणि पेद्रू झोपला. मी हूक दाबत होते, काही होत नव्हतं. पतंग चावत होता. पडद्याची कड लाल झाली.

"उठ रे," बाय म्हणाली. मग खुर्चीतून पुढे वाकून पडद्याला हात लावून म्हणाली, "उठ रे पेद्रू! निजतंस काय? उठ मेल्या!"

सगळे सूर थांबले. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. तिच्याकडे बघायचं धाडस होईना. भिंतीवर पेद्रूचा फोटो होता, त्याच्याकडेही मी बघितलं नाही.

मग ती छोटीशी धून वाजली. इगर्ज. समोर पाद्री, आणि त्याच्यापुढे लाल झग्यात पेद्रू, खरचटलेलंसुद्धा नाही. पाद्री काहीतरी बोलला आणि त्यानं नेहमीसारखी मान डोलवली.

बायनं क्रूस केला नाही. म्हणाली, "ह्यो पाद्री उठयता होय." आणि मग खिडकीकडे, माडांमधून दिसणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाली, "दर्यात इगर्ज खंय आसा गो?"

मी तिचा हात धरला.

जाताना तिनं पेटी माझ्याकडे दिली. "तुजे हात अजून कापतत. तुज्याकडेच बरो रवात तो." मग दर रविवारी मी रस्त्याकडेच्या क्रुसाजवळ, जिथे रेंज मिळते तिथे, आईचा फोन घेऊन उभी राहायचे आणि आठवडाभरात पेद्रू कुठे कुठे गेला ते तिला सांगायचे. वर्गात एक वाक्य धड न बोलणारी मी तासभर बोलायचे. तिला आता दिसत नव्हतं, म्हणून काही गाळून चालायचं नाही. गावातल्या कौलांचा रंग, पतंगाचे पंख, गाणं कुठल्या पट्टीत गेलं. दरवेळी शेवटी एकच प्रश्न. "भियालंस?" हो म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

पेद्रू एका बंदरात पोचला आणि तिथे आम्ही अडकलो. पुढची वाट फक्त पाण्यातून होती आणि धक्क्याला बोट लागलेली होती. "बोटीर नको," ती म्हणाली. मी कधी आग्रह केला नाही. मग त्याच बंदराचं मी तिला कितीतरी रविवार वर्णन करत राहिले, तीच जाळी, तेच पिंप, तीच मांजर. मला शाळा संपवून कॉलेजसाठी गाव सोडायचं होतं तेव्हा तिनं आपणहून विचारलं, "धक्क्यार इगर्ज आसा?"

"आहे, बाय."

"मगे जा. पण भियत जा."

त्यानंतरच्या रविवारी फोन भाचीनं उचलला आणि बाय गेल्याचं सांगितलं.

पेटी मी गावीच ठेवली होती, चादरीत गुंडाळून. यंदा मे महिन्यात सुट्टीला आले आणि जोडली. इतक्या वर्षांत पेटीतली खेळाची कॅसेट मेली असेल अशी भीती होती, पण पेद्रू तिथेच होता, बंदरातल्या इगर्जीत. मी पाद्र्यापुढे वरची ओळ दाबली. धून वाजली. धक्क्यावर आले, बोटीत पाऊल ठेवलं. पडदाभर निळं पाणी पसरलं आणि गाणं इतकं खाली गेलं, की तसं मी कधी ऐकलं नव्हतं.

मामेबहीण शेजारी बसली होती. "अगं, तुझे हात बघ कसे कापतायत, रिमोट दे इकडे," ती म्हणाली.

मी दिला नाही.