तिची किल्ली

आमच्या समोरच्या खोलीत राहणारे किल्लीवाले कशालाच पटकन हो म्हणत नाहीत. चहाला या म्हटलं तरी कपाळाला आठ्या घालून आधी विचार करतात, आणि तोवर माझा चहा निवतो. गिऱ्हाइकं वैतागतात. पण एकदा येतो म्हणाले की पाऊस असो, ताप असो, माणूस दारात हजर.

बायको गेल्यावर त्यांचे मुलीशी सारखे खटके उडायचे. एका सकाळी ती बॅग घेऊन निघाली. दारात थांबून तिने विचारलं, "बाबा, कधी परत यावंसं वाटलं तर?" झालं! आमचे गृहस्थ पडले विचारात. वाट बघून ती जिना उतरली, तेव्हा कुठे यांना कंठ फुटला. कठड्यावरून वाकून म्हणाले, "तुझी किल्ली या दाराला कधीही लागेल." माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, 'जाऊ नकोस' म्हणायला काय झालं होतं?

ती आली नाही. वर्षं गेली. दारोदार नवी कुलुपं बसवणाऱ्या या माणसाच्या दाराला मात्र तेच जुनं, खिळखिळं कुलूप.

मध्यंतरी एकदा कामावरून आले आणि त्यांची किल्ली कुलपातच मोडली. पकडीने तुकडा काढून त्यांनी हत्यारांच्या पेटीतली दुसरी किल्ली लावली. मुलीच्या किल्लीबरोबरच घडवलेली, पण कधीच न वापरलेली. ती फिरेना.

"गंजली असेल," मी म्हटलं.

ते मटकन पायरीवर बसले. "किल्ली जशीच्या तशी आहे, वहिनी. कुलूप झिजलं, माझ्या किल्लीबरोबर. तिची आता लागणार नाही." मग म्हणाले, "येऊन परत गेली असेल का हो?"

"छे! मला दिसली नसती?" मी ठोकून दिलं. दर उन्हाळ्यात मी मुलाकडे राहायला जाते, हे ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

दुकान बंद ठेवून त्यांनी कुलूप खोललं, आतल्या झिजलेल्या पट्ट्या बदलल्या, आणि ती किल्ली सहज फिरेपर्यंत कानस घासत बसले.

"आता तरी जीव भांड्यात पडला ना?"

"तिची किल्ली कुठे आहे माझ्या हातात, लावून बघायला?"

तेव्हापासून ते दार नुसतं लोटून कामाला जातात.

"आणि चोर शिरला म्हणजे?"

"शिरू दे. तिला दार बंद मिळायला नको. तुम्ही लक्ष ठेवाल ना?"

मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणून मोकळी झाले.

काल मुलाचा फोन आला. यंदा येणं जमणार नाही, मी म्हटलं. तो "बरं" म्हणाला. एकदाही आग्रह केला नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, आणि रडतानाही माझी नजर समोरच्या दारावरच होती.