नारळाचा मान

आपल्या घरचे सगळे एकदा एका हॉलमध्ये जमवून बघा, आयुष्यभर सांगायला पुरेल इतका माल मिळतो! मी यंदा जमवले. सानपाड्यात, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. माझी अट एकच होती: आत्या येणार. तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं, तेव्हापासून घरच्या एकाही कार्याला तिला बोलावलं नव्हतं. माझ्या जन्माच्याही आधीपासून!

*

पहिली ठिणगी अर्थात व्हॉट्सअ‍ॅपवर. मी पोल टाकला: शनिवार की रविवार? अण्णाकाकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, उत्तर दिलं: गुलाबाचं फूल आणि 'शुभ प्रभात'.

मी लिहिलं, "काका, हे शनिवारात धरू की रविवारात?"

काकांनी बाबांना फोन लावला. "पोरीला आवर!"

"अण्णा, तूच आवर. मला तिच्यासोबत राहायचंय."

*

आत्याचं नाव ग्रुपवर दिसताच काका वाशीहून थेट आमच्या घरी.

"ती आली तर मी येणार नाही. हॉल कॅन्सल कर!"

"हॉल माझ्या नावावर बुक आहे, काका. तुम्हाला कॅन्सल करू?"

बाबांना चहाचा ठसका लागला.

*

मग जेवण. काकांचा हुकूम: "केटरर कशाला? बायका मिळून करतील. घरच्या हातची चव!"

"चालेल. सगळ्या पहाटे तुमच्याच किचनमध्ये येतील."

फोन स्पीकरवर असावा. मागून काकू ओरडल्या, "केटररचा नंबर पाठव गं, मीच बोलते!"

*

नारळ लहान मुलांकडून फोडून घेऊ, असं मी सुचवलं, तर काका उसळलेच.

"आपल्याकडे वयाला मान आहे, तुमच्या डिग्रीला नाही! घरात वयानं जे सगळ्यात मोठं, त्यानं नारळ फोडायचा. आपली रीत आहे ही. माइकवरून अगदी असंच सांगायचं!"

"हो काका," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं.

*

रविवारी हॉल भरला. काकाही आलेच, नवा झब्बा घालून! आत्या आली आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली. वाटलं तर गुपचूप निघता यावं म्हणून.

मी माइक घेतला. "अण्णाकाका सांगतात, आपल्याकडे वयाला मान आहे. घरात वयानं जे सगळ्यात मोठं, त्यानं नारळ फोडायचा!"

टाळ्या! काका बाह्या सरसावत उठले.

पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, "अहो, तुम्ही कुठं निघालात? ताई मागं बसल्यात. त्यांचंच बोट धरून चालायला शिकलात ना?"

बाबा उठले. "ताई, पुढं ये."

आत्या आली. तिनं पदर खोचला. एकाच फटक्यात नारळाची दोन शकलं! खोबऱ्याचा तुकडा काढून तिनं काकांसमोर धरला.

"बाळू, हात धुतलेस का?"

काकांनी दोन्ही हात पुढं केले. आधी सुलटे, मग उलटे.