पट्टीखालची फट

आमच्या अमरावतीच्या अंध विद्यालयानं मला अकोल्याला प्रशिक्षणाला पाठवलं, ते मी हुशार म्हणून नव्हे. बाकीच्यांच्या घरी लग्नं होती. पांढऱ्या काठीला बसवायचं, साबणाच्या डबीएवढं एक यंत्र शिकवायला शिकायचं होतं. जमिनीवरचं काठीला कळतं. छातीशी, कपाळाशी काय येतंय, ते हे यंत्र मुठीत थरथरून सांगतं. शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल, तर विद्यार्थ्याला यंत्र मिळत नव्हतं.

माझी विद्यार्थिनी परतवाड्याची. शाळेत शिकवणाऱ्या बाई, दोन वर्षांपूर्वी दृष्टी गेलेली. घरापासून बसस्टँडपर्यंत एकटीनं जायचं, एवढंच मागणं. काठीनं जाऊही लागल्या होत्या. मग एका दुकानाच्या पत्र्यानं कपाळ फोडलं आणि नवऱ्यानं काठी कपाटावर टाकली. मी निघालो त्या दिवशी त्यांचा फोन आला.

"सर, नीट शिकून या बाप्पा. हे म्हणतात, आता पुन्हा लागलं त घरीच बस."

उद्घाटनाला समई विझू नये म्हणून पंखे बंद केले होते. प्रमुख पाहुण्यांनी अर्धा मिनिट डोळ्यांना पट्टी बांधून फोटो काढून घेतला, अंधांचं दुःख आज आपल्याला समजलं असं सांगितलं आणि जेवायला गेले. मी मनातल्या मनात भरपूर हसलो.

दुसऱ्या दिवशी चाचणी. परीक्षक अकोल्याच्याच एक ताई, जन्मांध. आम्ही पट्टी बांधून बाजाराच्या गल्लीतून चालायचं, त्या खांद्यावर हात ठेवून मागे. माझ्या पट्टीखाली, नाकापाशी, फट होती. ती मी केली नव्हती; बुजवलीही नाही. टोपली चुकवली, मोटारसायकल चुकवली. पानठेल्यापाशी रस्त्यावर पत्र्याची सावली दिसली, तसा झोकात थांबलो आणि हात वर करून पत्र्याची कड चाचपली.

"वा! कसं समजलं सर?"

"यंत्र थरथरलं ना."

"ते त बंद हाय. डोळस लोकायचं पयले बंदच ठेवा लागते."

पानठेलेवाला खदखदला. "काहून ताई, मास्तर नापास?"

"मास्तरले दिसून राह्यलं ना भाऊ. मंग नापासच."

पाहुण्यांनी निदान फोटोपुरतंच सोंग केलं होतं. मी परतवाड्याच्या बाईंची गोष्ट सांगितली. सबब म्हणूनच सांगितली, हे खरं. ऐकून ताई म्हणाल्या,

"मंग त्या बाईनं कोण्या फटीतून पाहावं सर?"

"पुन्हा चालतो," मी म्हणालो. त्यांनी पट्टीवरून आपली ओढणी घट्ट बांधली आणि यंत्र सुरू केलं. आता काळोख पुरता होता. मूठ थरथरली, पण माझा विश्वास बसला नाही. पुढच्याच पावलाला पत्रा कपाळावर. "अजून," ताई म्हणाल्या. दुसऱ्या फेरीत नुसत्या भीतीनं नको तिथं थांबत राहिलो. चौथ्या फेरीत मूठ थरथरली, पाय थांबले, हात वर गेला. पत्रा होता, उन्हानं तापलेला. ताईंनी सही केली.

यंत्र घेऊन परतवाड्याला गेलो, तेव्हा बाईंच्या नवऱ्यानं माझं कपाळ पाहिलं.

"सर, हे काय?"

"प्रमाणपत्र," मी म्हणालो आणि घडलं ते सगळं सांगितलं, फटीसकट.

स्टुलावर चढून नवऱ्यानं कपाटावरची काठी काढली, धूळ पुसली. बाई तोवर चपला घालून दारात उभ्या होत्या.