पऱ्हाटीखालची जीप

आमच्या गावाची जीप मी चालवायचो, तेव्हा अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात तिच्या तोडीची गाडी नव्हती. आर्णीहून निघाली की तिचा आवाज गावात ऐकू यायचा अन् बाया त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायच्या. एकदा पेशंट घेऊन जाताना तिचा मागचा दरवाजा नाल्यात पडला. मी तो परतीच्या वाटेवर उचलला अन् लावला, पेशंटला पत्ताही लागला नाही. तुम्हाला ही थाप वाटत असेल, तर पेशंटलाच विचारा. त्यालाही अजून पत्ता नाही.

ही जीप कुणा एकाची नव्हती, गावाची होती, अन् ती चालायची कापसावर. आमच्याकडं पद्धतच होती. कापसाचे वेचे संपत आले की झाडावरच्या उरल्यासुरल्या बोंडांचा जो शेवटचा वेचा निघतो, तो कुणी घरात नेत नसे. तो जीपचा. मारुतीचं देऊळ अन् बुद्धविहार यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जीपचं टिनाचं शेड होतं. तिथं ज्यानं त्यानं आपलं गाठोडं आणून टाकायचं. मोठा शेतकरी बैलगाडीनं आणी, तांड्यावरची बाई डोक्यावरून आणी. ज्याला शेत नाही तो ज्याच्याकडं वेचायला जाई, त्याच्या शेवटच्या ओळीतला कापूस घेऊन येई. वजन कुणी करत नसे. तो कापूस विकला की वर्षभराचं डिझेल निघे, टायर निघत, अन् गावातला कोणीही आजारी पडला की जीप त्याच्या दारात उभी. फुकट? छे! ज्यानं मूठभर कापूस टाकला, तो गाडीत जावयासारखा बसायचा. ताप चढलेला असला तरी माझ्यावर खेकसायचा, "हळू चालव ना बे, माह्या कापसावर चालते थे गाडी!"

मग आरोग्यसुधारणा आली. ती आली ती लाउडस्पीकर लावूनच. उपकेंद्राला नवा रंग मिळाला, नवं नाव मिळालं, भिंतीवर एक हसणारं कुटुंब आलं. इतके पांढरे दात आमच्या तालुक्यात आजही कुणाचे नाहीत. घरोघरी कार्ड वाटलं. फोन लावा, दारात फुकट अँब्युलन्स. सरपंच माइकवर म्हणाले, "आता गावाले काहीच करायची गरज नाई. सारं सरकार करते." लोकांनी टाळ्या पिटल्या.

मी उठून विचारलं, "अन् सरकारची गाडी नाई आली तं?"

"तुह्या पोटात काहून दुखून राह्यलं? ड्रायव्हरकी गेली म्हणून?"

सभा खळखळून हसली. मीही हसलो, कारण माझं पोट चालतं माझ्या पिठाच्या चक्कीवर, अन् ड्रायव्हरकीत मला आजवर मिळाल्या त्या फक्त ओकाऱ्या.

त्या हंगामात शेडात निम्मी गाठोडी आली. पुढच्या हंगामात एकच आलं, तेही चुकून. त्या म्हातारीपर्यंत सुधारणेची बातमी पोचली नव्हती. तिच्या घरच्यांनी येऊन ते उचलून नेलं अन् वर तिलाच रागावले, "आता नाई लागत वो आजी, सारं फुकट हाय."

लोकांना तरी दोष किती द्यायचा? बाहेरून कापसाच्या गाठी येतात, आमच्या कापसाचा भाव बसतो. वेचायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. शेवटचा वेचा झाडावरच वाळतो. मग त्याच घरात फुकट धान्य येतं, बाईच्या खात्यात पैसे येतात अन् घर खूश. एका हातानं खिसा कापायचा अन् दुसऱ्या हातानं त्याच खिशात चॉकलेट ठेवायचं, याला आजकाल धोरण म्हणतात.

आता खोटं कायले बोलू, आमच्या गावातल्या एका मास्तराच्या हृदयाचं ऑपरेशन कार्डावर झालं. आज तो ठणठणीत आहे अन् गावभर शिव्या देत फिरतो, त्यातल्या निम्म्या मला असतात. ते काम जीपच्या बापाच्यानं झालं नसतं. मोठं काम सरकारनं करावं, माझी ना नाही. पण जे आम्ही करतच होतो, ते कशाला आमच्या हातून काढून घ्यायचं? सरकार नावाचा पाहुणा भरल्या घरीच येतो, जेवतो, अन् झोपायच्या वेळी घरच्यांनाच ओसरीवर काढतो.

जीप शेडात तशीच राहिली. आमच्या लोकांना रिकामी जागा दिसली की पऱ्हाटी आठवते. पऱ्हाटी म्हणजे कापूस निघाल्यावर उपटलेली वाळकी झाडं, चुलीचं सरपण. पहिला भारा टाकला माझ्याच थोरल्या भावानं. "टिनाखाली भिजत नाई," म्हणे. त्याचं पाहून शेजाऱ्यानं टाकला, शेजाऱ्याचं पाहून अख्ख्या आळीनं. होता होता जीप दिसेनाशी झाली. गावात नवीन आलेल्या सुनेला मी सांगितलं की या ढिगात गाडी आहे, तर ती पदराआड हसली. माझी कीर्ती तिच्या माहेरापर्यंत पोचली होती.

तुम्ही म्हणाल, घरोघरी गॅस आला ना, मग सरपण कशाला? आला तर! वहिनीला सिलिंडर फुकट मिळालं, त्याला हार घालून तिनं फोटोही काढला. पण सिलिंडर फुकट असलं तरी आतला गॅस विकतचा. आता ते देव्हाऱ्याशेजारी चकचकीत पुसून ठेवलेलं असतं, वर फुलदाणी. स्वयंपाक चुलीवर.

त्या दिवशी दुपार कलली होती. जूनची सुरुवात, ऊन असं की सावलीसुद्धा सावली शोधत होती. वहिनी ढिगातून पऱ्हाटी ओढायला गेली अन् आतल्या गारव्याला बसलेली परड तिच्या उजव्या हाताला डसली. परड म्हणजे घोणस. वहिनी चालत माझ्या चक्कीवर आली. मागं तिच्या हाताचं रक्त ठिपकत होतं.

"भाऊजी, मले परड डसली," ती म्हणाली. "अन् चुलीवर दूध हाय, थे उतरवा आधी."

ती परड त्या दिवशी मनगटाएवढी होती. पुढं कळंबला चिंतामणीला नवस फेडायला गेलो, तेव्हा तिथल्या हॉटेलात ती माझ्या मांडीएवढी झाली. अजून वाढेल, माझा भरवसा नाही. पण वहिनीच्या हाताची सूज मी वाढवून सांगत नाही. ती डोळ्यांदेखत कोपराकडं चढत होती, अन् दोन बारक्या भोकांतलं रक्त थांबत नव्हतं.

फोन लावला. पलीकडची मुलगी इतकं गोड बोलत होती की वाटावं, लग्नाचं आमंत्रणच देऊन राह्यली.

"सर, पेशंटला काय त्रास होत आहे?"

"परड डसली."

"परड म्हणजे काय, सर?"

"अवो ताई, साप! घोणस!"

"ठीक आहे सर. जवळची खूण सांगा."

"पिंपळ हाय, मारुती हाय."

"कोणत्या रस्त्यावर, सर?"

"रस्ता असता तं खूण कायले लागली असती, ताई?"

"सर, आपल्या भागातील गाडी सध्या कार्यक्रमासाठी गेली आहे. आम्ही दुसरी पाठवत आहोत. तोपर्यंत पेशंटला शांत ठेवा."

"कोन्त्या कार्यक्रमाले?"

"आरोग्य योजनेच्या शुभारंभाला, सर."

आयुष्यात मी पुष्कळ फेकल्या. ही माझी नाही.

"काय म्हनते थे?" वहिनीनं विचारलं.

"तुमाले शांत राहा म्हनते."

"मी शांतच हाव. बोंबलून तं तुमी राह्यले."

गावात गाड्या होत्या, पण लग्नाची तिथ होती. दोन्ही पिकअप अन् एकुलती एक कार वऱ्हाड घेऊन फुलसावंगीला गेली होती. मोटारसायकलवर बसवून पाहिलं, तर वहिनी उलटी करून मागं कलंडली. ट्रॅक्टर होता. पण आमच्या रस्त्यानं ट्रॉलीतून माणूस नेला, तर माणूस आधी पोचतो अन् हाडं मागून येतात. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बायकोचा दुसरा हात धरून नुसता उभा.

"जीप!" मी ओरडलो.

सगळ्यांनी ढिगाकडं पाहिलं. ढिगात जीप होती अन् परडही होती. हात घालायला कोणी धजेना. शेवटी दोर गुंडाळून ट्रॅक्टरनं अख्खा ढीगच ओढला. तेवढ्यातही मागून एक आवाज आलाच, "माही पऱ्हाटी इकडं ठेवजा रे, मिसळू नका कोनाच्यात!"

ढीग सरकला अन् धुळीतून जीप निघाली. माझ्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच तिच्या घरात घुसलो. तिला उचललं, चाकांत हवा भरली, ट्रॅक्टरमधलं डिझेल ओतलं, दोर बांधून उतारावर ओढलं. जीप खोकली, थुंकली, अन् लागली. गावानं असा आरडा केला की आजवर कोण्या पुढाऱ्याच्या नशिबी तसा आला नसेल.

मागच्या सीटवर दादाच्या मांडीवर वहिनीचं डोकं. आता तिच्या हिरड्यांतूनही रक्त येत होतं.

"भाऊजी, हॉर्न वाजवा ना," ती पुटपुटली.

"हॉर्न नाई वहिनी. उंदरानं वायर खाल्ला."

"मंग तुमीच वरडा."

मग मी वरडलो. दवाखान्यापर्यंत मुंडकं बाहेर काढून मीच हॉर्न झालो. हायवेला लागलो तर समोरून अँब्युलन्स आली, बोनेटवर झेंडूचा हार. सन्नकन आमच्या गावाकडं वळली. नंतर कळलं की ती गावात पोचली, पिंपळाखाली थांबली, अन् 'पेशंट जागेवर आढळला नाही' असं लिहून परत गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हा माझ्या मोबाइलवर मेसेज आला, आमची सेवा आपणास कशी वाटली?

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. सरकारीच. तिनं एक शब्द वाया न घालवता सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, रात्रभर खुर्ची सोडली नाही. "आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते," एवढंच म्हणाली. तिचे पाय धरायचेच मी बाकी ठेवले. वहिनी वाचली. पण उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. कापूस वेचायचा हात तो. गावात तिच्यासारखा झपाझपा वेचा कोणाचा निघत नव्हता.

मग ग्रामसभा झाली. मला वाटलं, आता काही सांगायची गरज नाही. मी उठलो अन् म्हटलं, यंदापासून शेवटचा वेचा पुन्हा जीपचा.

सरपंच म्हणाले, "कायले? आपन अर्ज केला ना. दुसरी अँब्युलन्स मंजूर करून घेऊ."

टाळ्या.

"अन् थे येईलोक काय करायचं?"

"येईनच ना बावा. थोडा धीर धर."

मागून एक जण बोलला, "तुही जीप तं भंगारवाला बी घेत नाई."

"त्याच भंगारानं बाई वाचवली ना बे!"

"वाचवली ना? मंग आता काहून रडून राह्यला?"

मी पीठ लागलेले हात झटकले अन् घरी आलो. एक गाडी वेळेवर आली नाही, म्हणून अशाच आणखी एका गाडीसाठी अर्ज. ज्यानं बुडवलं, त्यालाच पुन्हा हात द्यायचा. ज्यानं तारलं, त्याला भंगार म्हणायचं. मला वाटतं, उद्या सरकारनं श्वास घ्यायची योजना काढली, तर आमचं गाव त्या दिवसापासून नाक बंद करून कार्डाची वाट पाहत बसेल.

त्यानंतर काही दिवसांनी आभाळ भरून आलं. चक्की बंद करून मी शेडावरून चाललो होतो, तर दादा डोक्यावर पऱ्हाटीचा भारा घेऊन जीपपाशी. एक भारा बोनेटवर टाकून झाला होता.

"दादा! हे काय करून राह्यला?"

"आभाळ आलं ना. भिजन."

"अरे, याच्यातच डसलं ना वहिनीले!"

"म्हनून तं बोनेटवर रचून राह्यलो. खालून हवा खेळते. साप नाई बसत."

"अन् पुन्हा लागली जीप तं?"

"दुसरी गाडी येऊन राह्यली ना सरकारची," दादा इतक्या भोळेपणानं बोलला की मला रागावताही येईना.

मी बोनेटवरचा भारा खाली ओढला. त्यानं तो उचलून परत टाकला. मी पुन्हा ओढला, त्यानं पुन्हा टाकला. दोन म्हातारे भाऊ, मी इकडून काढतो, तो तिकडून रचतो. समोरच्या ओट्यावर वहिनी बसली होती, हात पट्टीत. ती सारं पाहत होती. मग उठली, सावकाश आली, डाव्या हातानं जीपचा दरवाजा उघडला. कोंबडी परत सीटवर येऊन बसली होती. तिला हाकललं अन् ड्रायव्हरच्या जागी स्वतः बसली. पदर नीट केला.

"रचा आता," ती दादाला म्हणाली. "माह्या डोक्यावरच रचा."

दादा भारा डोक्यावर घेऊन उभा राहिला. खाली टाकेना, घरीही नेईना. मोठे थेंब टिनावर वाजू लागले, पऱ्हाटी भिजायला लागली, दादाही भिजला. तो अजून तसाच उभा आहे, असं मी लोकांना सांगतो. त्यात थोडी फेकाफेकी आहे, पण फार नाही.