भरल्या कालव्याकाठी बूट काढले तेव्हा

मंडळी, आज सकाळी बारामतीहून इंदापूरच्या दिशेने सायकल काढली. नीरा डाव्या कालव्याची कड धरून, रमतगमत. इंग्रजांच्या काळातला हा कालवा आज काठोकाठ भरून वाहत होता.

सणसरच्या पुढे बाभळीखाली थांबले, बूट काढले आणि पाण्याकडे बघत बसले. शेळ्या राखणारी एक बाई, माझ्याच वयाची, मला अगदी खेटून येऊन बसली.

"ताई, घरी कोण कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग जेवताय का येळेवर?"

मला नसत्या चौकशा खपत नाहीत. म्हटलं, "अहो बाई, तुमच्या शेळ्या उसात शिरल्या."

"शिरू द्या. शिव्या खाईन मी." जागची हलेना.

मग डोक्यात प्रकाश पडला. ती माझ्यावर पहारा देत होती!

"मी जीव द्यायला आलेले नाही," मी ठणकावून सांगितलं.

"व्हय, समदी असंच म्हणत्यात. आदी बूट घाला, मग मी उठते."

आता खरं सांगते. बूट लगेच घातले, पण नाड्या बांधायला मी फार वेळ लावला.