सासऱ्यांसाठी समुद्राचा तळ

लकवा मारला तेव्हा माझ्या सासऱ्यांना सगळं समजत होतं, पण शब्द तोंडातून निघत नव्हते. तोफांच्या कारखान्यात नोकरी झालेली, आवाज कायम चढा. आता ते नर्मदेकाठच्या आमच्या हिंदीभाषक शहरात, चेरीताल वस्तीतल्या घरात खिडकीकडे बघत गप्प बसायचे. मित्रांचे फोन आले की मान हलवून नको म्हणायचे. "रोज मोठ्यानं वाचायला लावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण पेपर हातात दिला की ते बाजूला सारायचे.

मी तेव्हा चाळिशी उलटल्यावर पीएचडी करत होते. विषय होता पश्चिम किनाऱ्यालगत समुद्राखाली दबलेलं गाळाचं खोरं. एका सकाळी त्यांनी माझ्या कागदांकडे हात पुढे केला. ते इंग्रजीत होते. मग मी एक पान मराठीत लिहून दिलं, अगदी लहान वाक्यांत.

"खंड... ता... ताणला. भेगा पडल्या. मधली जमीन ख... खचली." घामाघूम होत त्यांनी पान संपवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मग?"

तो शब्द कागदावर नव्हता.

"मग कडेचे वाळू-गोटे त्या खड्ड्यात आले, बाबा. नंतर समुद्र शिरला. शिंपल्यांचा चुनखडक झाला. नद्यांनी गाळ आणला."

"आपली... नर्मदा?"

"तीही."

ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. "खड्डा... भरला नाही... काहून?"

"तळ खाली जातच राहिला. ताणताना तापलेली जमीन थंड होत खचली, वरून गाळाचं ओझं. त्यामुळे आणखी गाळाला जागा होत गेली."

"अच्छा," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज एक पान लिहायचं ठरलं. त्यांना समजेल असं लिहिताना मलाच कुठे नीट समजलेलं नाही ते कळायचं, आणि मी रात्री तो भाग पुन्हा लिहायचे. 'भ्रंश' हा शब्द त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. "सरळ 'तडा' लिही ना," ते वैतागून म्हणायचे. मी लिहायचे.

शेवटी पीएचडीची तोंडी परीक्षा पार पडली, परीक्षकांनी अभिनंदन केलं. घरी येऊन सांगितलं, तर बाबांनी डोळे पुसले आणि स्वतःच फोन उचलला. कारखान्यातल्या जुन्या मित्राला लावला.

"बहू... डॉक्टर हो गई," ते सावकाश म्हणाले. पलीकडून काही विचारलं असावं. "नहीं भैया, दवाई वाली नहीं. सुनो... पहले ज़मीन खिंची..."

मी चहा टाकायला आत गेले. ते अडखळत, थांबत, सांगत राहिले.